दुपारच्या फेरीचं भारमान

साडेबाराची फेरी आमच्या डेपोत कुठल्याच कंडक्टरला नको असते. मलाही नको असायची. सकाळी पावणेआठची गाडी कशी, एकतीस माणसं चढली की तीसेक जणांचं तिकीट थेट तालुक्याच्या गावचं. मशीन दहा मिनिटांत खिशात. दुपारी मात्र दर थांब्यावर दोन चढणार, तीन उतरणार. वर पाट्या, पिशव्या, दळणं आणि सुट्ट्यांची बोंब. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर आणखीच. पूर्वी दोन थांबे डोक्यावर ओझं घेऊन चालत जाणाऱ्या बायका आता हात दाखवतात. मी मनातून कुरकुरायचे, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतरचा सोमवार होता. निघताना कारकुनाने सांगितलं, "दुपारच्या फेरीचं भारमान बसत नाही. आज कोण, कुठून कुठे, जरा लिहून आण." भारमान म्हणजे गाडी किती टक्के भरून धावली तो आकडा. मुलीची अर्धी कोरी वही पर्समध्ये होती, ती काढली.

पावणेआठच्या गाडीत निळ्या छत्रीवाली एक बाई सासूला धरून चढली. दोन टप्प्यांवर आरोग्य केंद्र, तिथे उतरली. परतीच्या फेरीत दहाला दोघी पुन्हा गाडीत. सासूच्या हातात गोळ्यांचा कागद, हिच्या हातात सुकट. साडेबाराला पाहते तर तीच, आता तांदळाची पिशवी घेऊन. पुढच्या तिठ्यावर गिरण आहे.

"गो बाय, आज चवथ्यांदा भेटतलंय तुका," उतरताना म्हणाली. "गिरणीत टाकतंय, बँकेत केवायसी करतंय, रेशन घेतंय. तवसर दळान होता."

अडीचला खरंच भेटली. मांडीवर पिठाची पिशवी, पायाशी रेशन, शेजारी शाळेतून घेतलेली धाकटी. पीठ ताजं, अजून गरम. गाडी हलली की ती दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आवळायची, लहान मूल धरल्यासारखं. मी दिलेल्या तिकिटावर तिच्या बोटांचं पांढरं उमटलं.

तिच्या वाडीच्या थांब्यावर तिचा नवरा मोटारसायकल लावून उभा होता. बागेत फवारणीला गेलेला, जेवायला आलेला. सकाळपासून किती वेळा चढली तुमची मंडळी, म्हणून मी गमतीने विचारलं.

"ही? ही खंय जाता? दिवसभर घराकच असता."

"घराकच असतंय तर पीठ काय चालत इलां?" ती पिशवी त्याच्या टाकीवर ठेवत म्हणाली. तो हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याचं जाणं म्हणजे सकाळी निघायचं, बागेत पोचायचं, परत यायचं. घरात गाडी एकच, आणि ती सकाळीच त्याच्याबरोबर जाते. आमच्या पट्ट्यात साडेबाराच्या गाडीला बायकाच का दिसतात, याचं अर्धं उत्तर त्या टाकीतच आहे.

संध्याकाळी वही उघडून बसले. दुपारच्या एका फेरीत अडतीस तिकिटं! सकाळपेक्षा सात जास्त. मग भारमान कमी कसं? फेरी ३२ किलोमीटरची, सीटं ४४. हिशेब माणसं आणि किलोमीटर यांचा. दुपारच्या अडतीस जणींचा प्रवास सरासरी सहा किलोमीटरचा. गुणाकार केला तर भारमान सोळा टक्के. सकाळच्या एकतिसांचा अठ्ठावीस किलोमीटरचा, म्हणजे साठच्या वर. मशीनच्या लेखी सकाळचा एक प्रवासी दुपारच्या जवळजवळ पाच बायकांएवढा. हिशेबात चूक कुणाचीच नाही, आकडे बरोबरच आहेत. पण गिरणीपर्यंतचं सहा किलोमीटर आणि तालुक्यापर्यंतचं अठ्ठावीस यांत कामाला वाहिलेला दिवस कुणाचा जास्त, हे किलोमीटर कसं सांगणार?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणारी बाई त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि ते करणारा पुरुष ९७, असं निघालं होतं. त्या २९९ मधली काही मिनिटं माझ्या थांब्यांवर उभं राहण्यात कशापायी जातात, ते वहीत पाहून कळत होतं: "दळण", "सासू", "रेशन", "पालकसभा", "गॅसची चौकशी", "माहेरी भाऊ आजारी, तासाभरात परत". पुरुषांच्या नावापुढे बहुतेक एकच शब्द, "काम".

कॅश जमा करताना कारकुनाने विचारलं, "काय, रिकामीच होती ना?"

"अडतीस तिकिटं."

"मग भारमान?"

"सोळा."

तो माझ्याकडे बघत राहिला. वही पुढे सरकवली. दोन पानं त्याने सावकाश वाचली. "ह्यो कारणांचो रकानो खंय भरू मी? फॉर्मात नाय असो," म्हणाला.

मलाही माहीत नव्हतं. घड्याळात सव्वासात झाले होते. सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचा ड्रॉइंग पेपर आणि कोथिंबीर घ्यायची होती, आणि मेडिकल आठला बंद होतं. नवरा कधीच घरी पोचला असणार, त्याची वाट सरळ. मी वही तिथेच ठेवून स्कूटी काढली.