जूनमधला काळोख

बालकादंबरीचं हस्तलिखित टेबलावर आलं की मी आधी गोष्ट वाचत नाही, वेळापत्रक काढते. प्रत्येक प्रसंगापुढे समासात तारीख, किती वाजले, उजेड किती आणि पात्रांच्या हातात काय, एवढं पेन्सिलीनं लिहायचं. कादंबरी युद्धकाळातली असेल तर निम्म्या चुका तिथंच सापडतात.

हे हस्तलिखित मात्र डोक्यातून जायला तयार नाही. जून १९४१, ऑक्सफर्डशायरमधलं खेडं. दोन जिवलग मित्र, आणि बॉम्बच्या भीतीनं लंडनहून गावी पाठवलेला तिसरा मुलगा. त्याला हे दोघं जवळ करत नाहीत. लेखक मुरलेले, भाषा देखणी. शेवटाकडे रात्री नऊ वाजता दोघं किर्र काळोखात कोठारापाशी जातात, छपरातून आगबॉम्ब आत पडतो, आणि ते बादलीभर पाणी ओतून तो विझवतात.

अडचण पहिल्याच शब्दाला. ४ मे १९४१पासून ब्रिटनमधली घड्याळं ग्रिनिचच्या दोन तास पुढे होती. त्यामुळे तिथं जूनच्या अखेरीला सूर्य मावळायचा रात्री साडेदहाच्या सुमारास. नऊ वाजता मुलं अंगणात क्रिकेट खेळत असणार. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून मोठे हवाई हल्ले ओसरले होते. मी हे कळवलं. लेखकांचं उत्तर आलं, ‘उजेड असेल तर एक मित्र रडतोय हे दुसऱ्याला दिसेल. मला ते नकोय.’ मुद्दा खरा होता.

मग प्रसंग नोव्हेंबर १९४०मध्ये नेला. त्या हिवाळ्यात घड्याळं तासभर पुढेच ठेवली होती, तरी सव्वापाचला सूर्यास्त. पण एक प्रसंग हलला की मागची दहा पानं हलतात. घरातला जाळीचा लोखंडी टेबलवजा मॉरिसन निवारा गेला, कारण तो १९४१चा. त्याऐवजी परसातला अँडरसन आला: पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या, चार फूट खड्डा, वर किमान पंधरा इंच माती आणि पावसाळी आठवड्यानंतर आत घोटाभर पाणी. कपड्यांची कूपनं गेली, ती जून १९४१ची. गोळ्या-चॉकलेटांच्या कूपनांची अदलाबदल तर मुळातच चुकीची होती, कारण ती जुलै १९४२पर्यंत रेशनवर आलीच नव्हती. त्या जागी बॉम्बगोळ्यांचे तुकडे दिले. ते तिथली मुलं खरोखरच गोळा करून बदलायची.

आता तो बॉम्ब. जर्मन आगबॉम्ब साधारण एक किलोचा, कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, आत थर्माइट, म्हणजे प्रचंड उष्णतेनं जळणारी पूड. त्यावर बादली उपडी केली की तो भडकून वितळलेला धातू चौफेर उडवतो. ते दोघं तिथंच होरपळले असते. वाळूनं तो झाकता येतो, पण लाकडी माळ्यावर असेल तर वाळूखालून लाकूड जाळत खाली उतरतो. म्हणून बादलीत उभा करायचा छोटा हातपंप वापरायचे. पितळी नळकांडं बादलीत, पायाखाली दाबायची पट्टी बादलीबाहेर, तीस फूट रबरी नळी. तोंडाला दोन सोयी: बॉम्बवर तुषार, त्यानं तो लवकर जळून संपतो, आसपासच्या आगीवर धार. उलटं केलं की पुन्हा स्फोट. धूर वर चढतो, म्हणून नळीवाला पालथा पडून सरकतो. दुसरा पंप मारतो. आणि बादली बघता बघता रिकामी होते, म्हणून पाणी आणायला तिसरा लागतो.

तिसरा! मी जवळजवळ ओरडलेच. ज्याला दूर ठेवलं त्यालाच हाक मारायला हा पंप भाग पाडतो. कथानक आयतं हातात आलं होतं. (आमच्या विक्री विभागाला मुखपृष्ठावर जळतं विमान हवंय. पंपात त्यांना रस नाही.)

लेखकांना ते पटलं नाही. ‘गरजेपोटी बोलावलं तर ती मैत्री कसली?’ त्यांनी असं लिहिलं: बादली संपते, पंप हवा ओढायला लागतो, नळी फसफसते, आणि न बोलावता तो मुलगा अंधारातून भरलेली बादली आणून ठेवतो. प्रसंग सुंदर आहे. तरीही माझं मत आहे की हाक हवी होती. दहा वर्षांच्या मुलाला माफी मागता येत नाही, ‘पाणी आण रे!’ एवढंच ओरडता येतं, आणि समोरच्याला ते पुरतं. लेखक म्हणतात, हा संपादकाचा हट्ट. असेल.

शेवटच्या वाचनात त्यांनी प्रसंगाला तारीख घातली, १४ नोव्हेंबर. जर्मन हवाई हल्ल्यात इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर जळालं ती रात्र, लख्ख चांदण्याची. म्हणजे रडणारा चेहरा दिसणारच. मी समासात पौर्णिमा एवढंच लिहून पानं परत पाठवली आहेत. तारीख बदलायची की चेहरा दिसू द्यायचा, हे त्यांनी अजून कळवलेलं नाही.