चित्र की कोड? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही नक्की आर्टिस्ट की प्रोग्रॅमर, आणि दोन्ही एकदम जमतं कसं?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं आणि मी दर वेळी दोन ओळींत काहीतरी सांगून मोकळी होते, मग मागाहून वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. तर आज नीट सांगते.

मी देवनागरी फॉन्ट बनवते. आधी बरीच वर्षं नुसता कोड लिहायचे, त्यामुळे इकडे आले तेव्हा डोक्यात असं होतं की अक्षरं काढणं हे एका माणसाचं काम आणि त्यांची फाइल चालवणं हे दुसऱ्याचं, आणि मी ती दुसरी.

हा समज ऱ्हस्व वेलांटीने मोडला. 'कि' टाइप करताना आपण आधी क दाबतो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी येते, ती अदलाबदल सॉफ्टवेअर करतं, एवढं मला ठाऊक होतं. पण वेलांटीची वरची कमान अक्षराच्या उभ्या दांडीपर्यंत पोचावी लागते, आणि 'रि' केवढा, 'णि' केवढा, 'स्त्रि' तर अजूनच रुंद, एकच वेलांटी सगळ्यांना लावली की कुठे तोकडी पडते कुठे पुढे निघून जाते. म्हणून फॉन्टमधे तिची कमीजास्त लांबीची बरीच रूपं काढून ठेवायची आणि कुठल्या अक्षराला कुठलं रूप ते नियम लिहून सांगायचं. मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक अक्षराची रुंदी मोजली, गट पाडले, नियम आपोआप तयार! जाम खूश होते. प्रिंट काढली तर 'णि', 'मि', 'ति' छान आणि 'कि', 'फि' बघवेनात. वेलांटी दांडी ओलांडून पार पुढे. दोन दिवस कोडमधे चूक शोधत बसले, सापडेना.

त्याच सुमारास सुलेखनाच्या वर्गाला जायला लागले होते. बोरू हातात धरायची पहिलीच वेळ, शाई कुठे साठते कुठे फाटते, बाकीच्यांचं झालं तरी माझी पहिली ओळ चाललेली. सरांनी पानभर 'कि' लिहायला लावलं आणि म्हणाले, "हात कुठे थांबतोय ते बघ." हात दर वेळी दांडीवरच थांबत होता. क ची दांडी मधे असते! ण ची अगदी उजवीकडे. मी मोजत होते अख्ख्या अक्षराची रुंदी, मोजायचं होतं दांडीपर्यंतचं अंतर. घरी येऊन तेवढंच मोजमाप बदललं आणि सगळे गट जागेवर बसले. मला खरंच रडू आलं.

म्हणून "वेळ कसा वाटून घेता" याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण मी वाटतच नाही. कोड अडला की कागदावर जाते, कागदावर अडले की मोजायला बसते. डोनाल्ड क्नूथ यांचंही मला फार जवळचं वाटतं. कॉम्प्युटर सायन्सचा एवढा मोठा माणूस, 1977 मधे स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून नाराज झाला आणि छपाईसाठी टेक आणि अक्षरांसाठी मेटाफॉन्ट अशा दोन प्रणाली लिहायला बसला. ते काम वर्षानुवर्षं चाललं आणि पुढे हेर्मान झाफ यांच्यासारख्या कसलेल्या सुलेखनकाराबरोबर बसून त्यांनी अक्षरं घडवली. दोघांनाही समोरच्याचं काम नव्याने समजून घ्यावं लागलं असणार.

नवीन काही सुरू करताना भीती वाटते का, हेही विचारता. वाटते. वर्गात सगळ्यात कच्ची मीच, हे पहिला महिनाभर फार टोचायचं. पण जे येतं त्याच्याच जोरावर मी ती वेलांटी कधीच सोडवली नसती, त्यामुळे आता निदान वर्षातून एकदा तरी अशा जागी जाऊन बसते जिथे मला काहीच येत नाही.

सध्या मोडी चाललंय. मोडीला 2014 मधे युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जगभर चालणाऱ्या यादीत, जागा मिळाली, पण मी आधी हाताने शिकतेय. त्यात शिरोरेषा आधीच पानभर आखून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहितात, आणि माझ्या फॉन्टमधे तर प्रत्येक अक्षर आपापला रेषेचा तुकडा घेऊन येतं. काल तीन ओळी लिहिल्या. चौथीला हात जरा सैल झाला.