बळ्ळारी नाल्यावरची सकाळ

रविवार, १६ नोव्हेंबर

आज बाबांना घेऊन आमच्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावर जाऊन आले. गुडघे धरल्यापासून ते शिवारात गेलेच नव्हते. शेत वाट्यानं दिलंय, त्यामुळे निमित्तही उरलं नव्हतं. काल रात्री जेवताना म्हणाले, "सुगी चालू झाली असंल." एवढंच. ते ऐकून मला राहवेना.

साडेसहाला वडगावातून निघालो. दोन-तीन घरांत माग सुरू झाले होते. तो खडखडाट मागं पडला आणि टिटवी ओरडायला लागली. शहापूरच्या खडेबाजारातून चालत आलं तरी अर्ध्या-पाऊण तासात माणूस इथं पोचतो, खरं शहरातलं कोण येत नाही. येळ्ळूरचा गड धुक्यात निम्माच दिसत होता. कापलेल्या भाताच्या धसकटात पांढरे धोबी शेपट्या खालीवर करत पळत होते. पार उत्तरेकडून, हिमालयाकडून थंडीला येणारा हा एवढासा पक्षी आपल्या वाफ्यात किडे टिपतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

नाला जलपर्णीनं गच्च भरलेला. वास येतो, तो लपवून काय उपयोग. शहराचं सांडपाणी यातच येतं आणि मार्कंडेय नदीला मिळतं, तिथून घटप्रभेत, घटप्रभेतून कृष्णेत. तरी त्या जांभळ्या फुलांमधून एक पाणकोंबडी निघाली. छाती पांढरीशुभ्र, पाठ पाटीसारखी काळपट. लांब बोटं पसरून पानावरून पानावर चालत होती, आणि पान बुडत नव्हतं. दर पावलाला शेपटी वर उडवायची, की खालचा विटकरी रंग दिसायचा. आम्ही हललो नाही. तिच्या मागून मळकट रंगाचं, जवळजवळ तिच्याएवढंच पिल्लू आलं. त्याला तो तोल अजून जमत नव्हता. एक पाय पाण्यात गेला, त्यानं पंख फडफडवले आणि पुन्हा वर आलं.

"पावसाळ्यात रात्रभर ओरडतंय ते," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आम्ही राखणीला असताना झोपू द्यायचं नाही."

बांधावर मातीचं ढेकूळ वाटावं असा एक वंचक बगळा बसला होता. उडाला तेव्हा एकदम पांढराफेक. तारेवरच्या खंड्यानं खेकडा आपटून आपटून खाल्ला. मुंगूस आडवं गेलं.

आमच्याकडे या नाल्याचं नाव निघतं ते जुलैत. पाणी तुंबतं, पसरतं, आठ-आठ दिवस भात बुडून राहतं. आमचं दोन वेळा कुजलं. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आईनं पाटल्या मोडल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. म्हणून जलपर्णी आणि गाळ काढा म्हणणाऱ्या शेतकऱ्यांपुढे पाणकोंबडीचं नाव काढायला माझी जीभ रेटत नाही. आज मात्र बाबांना विचारलं, हे सगळं उपसलं तर ही जाणार कुठं?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग काठीनं पाण्याची मधली धार दाखवली. "मधलं काढायलाच पाहिजे. पाणी वाहिलं नाही तर आम्ही मेलो. खरं दोन्ही काठांचं लव्हाळं कशास ओरबाडायचं? तेवढं सोडावं की. बांधही धरून ठेवतंय ते."

मला एवढ्या दिवसांत हे सुचलं नव्हतं.

परतताना ते आमच्या वाफ्यापाशी थांबले. भात निघालंय, मसूर पेरून झालाय. वाकता येत नाही म्हणून मला माती उचलून द्यायला लावली, ती मुठीत दाबून बघितली. "ओल हाय," म्हणाले. नुसत्या या ओलीवर मसूर येतो, वरून पाणी लागत नाही. माती त्यांनी टाकली नाही, गावाच्या वेशीपर्यंत हातातच होती.

दारात चपला काढताना म्हणाले, पुढच्या रविवारी जुनं पायताण घालून येतो, हे नवं चिखलात रुततंय.