उठल्यावर किती मिनिटांत?

परभणीच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम आहे मी. सव्वीस वर्षं बिडी ओढली. दिवसाला एक बंडल, सोयाबीनच्या सीझनला दीड. बिडी वाईट हे काय मला ठाऊक नव्हतं? बंडलावरचं ते चित्र रोज बघूनच काडी पेटवायचो.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात दोन वर्षं बीपीच्या गोळ्या न्यायला जात होतो. वरच्या खिशातून बंडल डोकावायचं, पण कुणी त्याचं नाव काढलं नाही. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या तेव्हा मी ‘कधीमधी’ म्हणून मोकळा झालो. आतून बायको मुद्दाम खोकली.

मग नवीन सिस्टर आल्या. त्यांनी थेट विचारलं, “काका, उठल्यावर पहिली बिडी किती वेळात?”

“चहाच्या आधी.”

“मिनिटं सांगा.”

“पाच.”

बिडीची सवय किती घट्ट आहे ते मोजायचा प्रश्नांचा कागद होता त्यांच्याकडे; जितके गुण जास्त, तितकी सवय घट्ट. त्यावर ३ गुण पडले. तापानं अंथरुणात असतानाही ओढता का? ओढलीच होती की. शेवटी १० पैकी ८. गणितात आयुष्यात एवढे पडले नव्हते.

मी म्हणालो, सिगारेटपेक्षा बिडी बरी, पाल्याचीच तर असते. त्या म्हणाल्या, टेंभुर्णीचं पान सारखं विझतं, म्हणून झुरके जास्त आणि जोरात ओढावे लागतात, अन् निकोटीन नि डांबर उलट जास्तच आत जातं. हे मात्र लागलं. खातं लिहिता लिहिता एकच बिडी मी तीन-तीनदा पेटवायचो. आणि बिडीशिवाय पोट साफ होत नाही, ही माझी दुसरी अडचण ऐकून त्या नुसत्या हसल्या. ती पहिले दहा दिवस खरीच निघाली, पुढं पपईनं निभावलं.

डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम लिहून दिलं. मी ते सुपारीसारखं चघळलं. घसा जळाला, उचकी लागली, पाकीट फेकून द्यायला निघालो होतो. सिस्टरनी परत समजावलं : चार-दोनदा चावा, चुणचुणलं की गालात दाबून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही. मोंढ्यात दर अर्ध्या तासाला चहा येतो, आता बोला!

बिडी सोडल्यावरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट. ३ क्विंटलचे मी ३० लिहिले, शेठनं चारचौघांत काढली. त्याच दुपारी बंडलावरच्या १८०० ११ २३५६ या फुकटच्या नंबरवर फोन लावला. मराठी बोलणारी मुलगी होती. तल्लफ आली की पाणी प्या, जागा सोडा, काही मिनिटांत ओसरते, म्हणाली. मी वजनकाट्यापर्यंत जाऊन यायचो. हमाल विचारायचे, मुनीमजी, काहून चकरा मारायलात?

एकोणिसाव्या दिवशी चुलत्याच्या मातीला गेलो. स्मशानात शेजारच्यानं बिडी पुढं केली, मी घेतली. फोनवर शरमत सांगितलं. ती मुलगी रागावली नाही. शेजारी कोण होतं, किती वाजले होते, एवढंच विचारलं.

आता सात महिने झाले. बीपीची गोळी चालूच आहे. खिशात काडेपेटी अजून असते. देवाच्या दिव्यासाठी, असं बायकोला सांगितलंय. तिला पटलेलं दिसत नाही.