पांडुरंगातला रंग

आमची चाळ कुर्ल्याला. विमानं उतरताना आमच्या पत्र्यांवरून जातात, इतकी खालून की पोटाखालची चाकं मोजता येतात. फोनवर बोलता बोलता "थांब, विमान जाऊ दे" म्हणायचं आणि पलीकडच्यानेही मुकाट्याने थांबायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या दिवशी दचकतात, दुसऱ्या दिवशी तेही वाक्य अर्धवट सोडून थांबायला शिकतात. एवढी विमानं डोक्यावरून गेली, पण 2016 च्या डिसेंबरापर्यंत आमच्या घरातलं कुणी विमानात बसलेलं नव्हतं. ताई बंगळुरूला, तिचं डोहाळजेवण, आणि आईला रेल्वेचा रात्रभराचा प्रवास झेपेना, म्हणून आम्ही तिघं निघालो.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी हातात तिकीट आलं की ते आधी तिकिटाकडे बघायचे, मग देणाऱ्याकडे. जुन्या पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे. रंगावरून पैसे कळायचे आणि गर्दीत न बघता त्यांचं बोट बरोबर त्या गठ्ठ्यावर जायचं. नोकरीच्या शेवटी शेवटी हातात यंत्र आलं आणि सगळी तिकिटं एकाच रंगाची झाली. ते दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पंच मात्र डेपोत परत करताना दोनदा उगाच वाजवला होता म्हणे.

काउंटरवरच्या मुलीने आई-बाबांचे दोन बोर्डिंग पास काढले, सीटच्या आकड्याभोवती निळ्या पेनने गोल काढून दिला आणि हसून "हॅपी जर्नी" म्हणाली. बाबांनी पास हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीत चोळला, उजेडासमोर धरला.

"आमच्या यंत्रातलाच कागद," ते म्हणाले. "शाई नसते याला. उष्णतेने काळा होतो. रंग टिकायचा नाही याचा."

मग त्यांनी सिक्वेन्स नंबर वाचला, एकसष्ट. मी समजावणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "म्हणजे आत्तापर्यंत साठ तिकिटं फाडलीत." वे-बिल भरण्यात जन्म गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं!

खरी गंमत आईच्या पासावर होती. तिचं पूर्ण नाव सुहासिनी पांडुरंग सावंत. आधारवर तसंच, म्हणून मी तिकिटावरही तसंच टाकलं होतं. पासावर आलं ते आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग पुढची सगळी नावं एकमेकांना चिकटून: सावंत/सुहासिनीपांडु. बस, तिथेच संपलं. पुढचं नाव कात्रीने कापल्यासारखं गायब.

बाबांनी चष्मा वर केला. "माझा पांडू केला यांनी?"

मुंबईत पांडू कुणाला म्हणतात ते सांगायला नको. समोर बंदुका घेतलेले जवान उभे, आणि आमचे बाबा आईच्या पासावर हवालदार होऊन बसलेले. आईला हसू आवरेना. "रंग कुठे गेला हो?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

रंग कुठे गेला ते मला नंतर कळलं. पासावर ती मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखी चौकोनी पट्टी असते ना, ती कशी भरायची याचा जगभर एकच नमुना आहे. विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेने तो ठरवला आणि 2010 च्या अखेरीपर्यंत जुन्या चुंबकी पट्टीचे पास बंद करून सगळ्यांना त्यावर आणलं. त्या नमुन्यात नावाला रोमन लिपीतल्या वीस अक्षरांची जागा. आडनाव, तिरकी रेघ, नाव, सगळं त्यातच. हा हिशोब करणाऱ्यांच्या गावात माणसाच्या नावाच्या मध्ये बाप किंवा नवरा उभा नसावा. आपल्याकडे तो असतो, आणि वीस अक्षरं भरली की सगळ्यात शेवटी चढलेला म्हणून तोच फूटबोर्डवरून खाली पडतो. मोजून बघा, पांडुरंगाची पाचच अक्षरं आत बसली.

त्या पट्टीत प्रवासाची तारीखही आपल्यासारखी नसते. वर्षातला कितवा दिवस, एवढा तीन आकडी नंबर. आम्ही निघालो 10 डिसेंबरला, लीप वर्ष, म्हणून 345. कुठलं वर्ष, ते त्या तारखेत लिहायचंच नसतं. (बुकिंगचा पीएनआर मात्र असतो. तेव्हा विमानात बसल्या बसल्या पासाचा फोटो जगाला दाखवायची हौस असेल तर ती पट्टी अंगठ्याखाली झाका.)

आणि सामानाच्या चिठ्ठीवर मुंबईसाठी तीन अक्षरं, बी, ओ, एम. शहराचं नाव 1995 साली बदललं, ही बॉम्बेची पहिली तीन अक्षरं तशीच राहिली. विमानतळावर 'बॉम्ब' हा शब्द गंमतीनेही उच्चारायचा नाही, आणि प्रत्येक बॅग मात्र गळ्यात बोंब बांधून फिरते.

सिक्युरिटीच्या रांगेत बाबांनी पट्टा काढला. चाळीस वर्षं कमरेला असलेला पट्टा चारचौघांत काढायचा म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एका हातात पॅन्ट, दुसऱ्या हातात ट्रे. माझी वेगळीच फजिती. मी मोठ्या तोऱ्यात पास मोबाइलवर घेतला होता, आणि मोबाइल ट्रेमध्ये टाकायचा असतो. ट्रे यंत्राच्या पोटात गेला आणि समोरच्या जवानाने हात पुढे केला, "बोर्डिंग पास?" तेव्हापासून मी कागदच घेतो. लोक हसतात, हसू देत.

तेवढ्यात आईची पिशवी बाजूला काढली गेली.

"माताजी, इसमें नारियल है?"

होता. ओटीचा. गावच्या माडाचा, शेंडीसकट, नव्या खणात गुंडाळलेला. जवान बिचारा अगदी नरमाईने सांगत होता की हातातल्या सामानात अख्खा नारळ चालत नाही. आईने त्याला समजावलं की ओटी नारळाशिवाय भरत नाही. दोघांचंही बरोबर होतं. मोठी बॅग केव्हाच पुढे गेली होती, तेव्हा नारळ एका खोक्यात गेला. त्या खोक्यात लायटर, कात्र्या, एक पाना आणि कुणाचा तरी बटाटे सोलायचा सोलाणा. आईने खोक्याला हळूच नमस्कार केला आणि खण तेवढा घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

नशीब, मसाल्यासाठीच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिने आयत्या वेळी घरी काढून ठेवल्या होत्या. त्यांचं प्रकरण तर आणखी वरचं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याला स्वतःचा नंबर आहे, 1363, आणि वर्ग कुठला, तर आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. तेलामुळे. आमच्या फडताळात हे स्फोटक बरणीत, वर हिंगाची डबी ठेवून, तीन पिढ्या पडून आहे.

बायकांच्या तपासणीला पडदा लावलेली खोली असते. आई आत गेली ती येईना. मंगळसूत्र, पाटल्या, गुडघ्याचा पट्टा, सगळं यंत्राने वाजवून घेतलं असेल असं वाटलं. ती बाहेर आली ती तोंड भरून सांगत, "लातूरची आहे पोरगी. सकाळपासून उभी आहे, अजून चहासुद्धा नाही." तिने तिला बेसनाचा लाडू देऊ केला होता. पोरीने घेतला नाही. "नियम आहे म्हणाली. पण बघितला मात्र."

तेव्हा हातातल्या प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधून तिच्यावरही शिक्का मारत. मुंबईसह सात विमानतळांवर 1 एप्रिल 2017 पासून ते बंद झालं. आईच्या पिशवीला ती चिठ्ठी पुढे कितीतरी महिने होती. भाजीला जाताना, दळणाला जाताना, लोकलमध्ये. कुणी विचारलंच, तर "अगंबाई, राहिली वाटतं काढायची."

गेटवर मुलीने बाबांचा पास टर्रकन फाडला, मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला आणि चिमूटभर यांच्या हातात दिला. बाबा चार पावलं गेले आणि वळले. "मोठा तिने ठेवला. वाटेत चेकर आला तर दाखवायचं काय?"

पुढे बाबा गेले. आई आता एकटी जाते नातवाकडे. मध्यंतरी भाच्याने तिच्या फोनवर विमानतळाचं डिजियात्रा अ‍ॅप टाकून दिलं. आता दाराशी ती कॅमेऱ्यासमोर उभी राहते, पदर नीट करते, आणि काच बाजूला सरकते. नाव नाही, रेघ नाही, चेहराच पास. ती त्या कॅमेऱ्याकडे बघून हसते, फोटो काढतायत म्हणून. हसू नको म्हटलं तरी हसते.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना बाबांच्या बेस्टच्या पासाचं प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं. आत त्या प्रवासाचा चिमूटभर तुकडा. साफ कोरा. नाव गेलेलं, आकडे गेलेले, पट्टी गेलेली. फक्त बॉलपेनचा निळा गोल तेवढा शाबूत, आणि आत काहीच नाही.

मी आईला दाखवला. तिने चष्मासुद्धा लावला नाही.

"चौदा ए," ती म्हणाली. "खिडकी यांना मिळाली होती. बसले मात्र मधे. कुर्ला दिसतंय का बघ, म्हणाले मला."