शहाची नक्कल होत नाही

दर्यापूरच्या तालुका बुद्धिबळ स्पर्धेत मी पंच होतो. फेरी रंगात आली असताना जिल्हा परिषद शाळेतल्या एका मुलीनं घड्याळ थांबवून हात वर केला.

"सर, हा पोट्टा माह्याच चाली करून राह्यला!"

पट पाहिला. पांढरी मोहरी तिची. इंग्लिश ओपनिंग, म्हणजे सी पट्टीतल्या प्याद्यानं सुरुवात: सी-४ ला सी-५ (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा). दोघांचेही उंट कोपऱ्यातून लांब तिरपा मारा धरून बसलेले, ए आणि बी पट्टीतली प्यादीही सारखीच कापलेली. पंधराव्या चालीपर्यंत सगळं आरशातल्यासारखं.

"नियमात बसते. खेळ," एवढंच म्हणालो. पंचानं याहून एक शब्दही जास्त बोलायचा नसतो, आणि मला तर उत्तर दिसत होतं. फार जड गेलं.

तिनं घोडा ई-५ वर नेला, त्यानं ई-४ वर. मग दोघांनी एकमेकांचे घोडे मारले, वजीरही मारले. तिचा घोडा सी-६ वर परतला, त्याचा सी-३ वर. आणि तिनं ई-७ चं प्यादं मारलं, शह देऊन! इथं नक्कल संपली, राजा हलवावाच लागला.

पण खरी चाल त्यानंतरची. डी-५ चं प्यादं फुकट दिसत होतं. दहापैकी नऊ पोरं ते उचलतील. उचललं असतं, तर त्याच्या घोड्यानं ई-२ चं प्यादं शह देऊन मारलं असतं, मग डी-४ चं, आणि पट पुन्हा सारखा! तिनं बराच वेळ विचार केला आणि ई-२ चं प्यादं शांतपणे ई-३ वर सरकवलं. एका प्याद्याची आघाडी पक्की. मी पुढच्या पटाकडे गेलो, पण लक्ष तिथंच होतं. तेच प्यादं पुढं वजीर झालं.

2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरींच्या बसण्यातच वेगळी धमक दिसते मला.

डाव संपल्यावर पोरगा आला. "सर, मंग काळ्यानं करावं काय?"

रिकाम्या पटावर मोहरी मांडली. पाचव्या चालीला तिनं ए-३ केलं, तिथंच ए-६ ऐवजी ई-६ करून वेगळी वाट धरता येते, हे दाखवलं. तीही खुर्ची ओढून बसली.

"मंग मी बी-४ करायला पाहिजे का?" तिनं विचारलं. पुढच्या फेरीच्या जोड्या लागेपर्यंत दोघं त्यावरच भांडत होते.