कौटुंबिक अडचण

बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, परवा तर मंडईत मेथी निवडताना विचारला. "काकू, सगळी शाखा तुमच्या जिवावर चालायची म्हणे. मग तुम्ही ऑफिसर का नाही झालात?"

विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. बाई आहे, म्हणजे सासू-सासरे, मुलं, संसार. मी मान हलवली की तेही मान हलवतात आणि "केवढा त्याग केलात" म्हणून मोकळे होतात. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते. त्याग वगैरे काही नव्हतं.

मी 1983 साली वाईच्या शाखेत क्लार्क म्हणून लागले. तेव्हा पितळी टोकन होतं, हातभर लांबीची लेजरं होती आणि संध्याकाळी पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आमच्या बँकेत क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली ठरलेली. बहुतेकदा लांबच, कधी मराठवाड्यात, कधी थेट गुजरातेत. म्हणून लिस्टमध्ये नाव लागूनही प्रमोशन नाकारणारे कमी नव्हते. अर्ज दोन ओळींचा असे : 'कौटुंबिक अडचणींमुळे मी सदर पदोन्नती स्वीकारू शकत नाही.' पुढे सही. अडचण कोणती, हे कुणी विचारत नसे.

मी तो अर्ज तीनदा लिहिला.

पहिल्यांदा 1994 साली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. ती अडचण शंभर टक्के खरी होती, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांदा 2001 साली, मुलीची दहावी. हे निम्मं खरं. मुलगी अभ्यासात चोख होती, तिचे बाबा घरी होते, माझ्यावाचून तिचं एका मार्काचंही अडलं नसतं. उरलेलं निम्मं म्हणजे भीती. अनोळखी गावात एकटीने खोली घेऊन राहायचं, कर्जाच्या फायलींवर आपली सही करायची, उद्या एखादं खातं बुडालं की खुलासे देत बसायचं. दहावी आयती चालून आली, तिच्या आड लपले. आपल्याला माणसांची ओढ असते हे खरंच, पण भित्र्या माणसाला ती फार सोयीची पडते. हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

तिसरी वेळ 2008 सालची. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. हे म्हणाले, "आता जा. माझं मी बघतो." तरी मी तोच अर्ज दिला, त्याच दोन ओळींचा. फक्त या वेळची अडचण कौटुंबिक नव्हती. कुटुंबात नसलेल्या एका बाईमुळे मी राहिले.

आमच्या आळीत, घाटाकडे उतरणाऱ्या बोळात, माई राहायच्या. नात्यागोत्यातल्या नव्हेत. प्राथमिक शिक्षकाच्या विधवा, मूलबाळ नाही, खोली भाड्याची. कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं आमच्या शाखेत, आणि पैसे काढायला त्या फक्त माझ्याच काउंटरला यायच्या. रांग लांब असली तरी बाजूच्या रिकाम्या काउंटरला जायच्या नाहीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आल्या की म्हणायच्या, "बघ बाई, आहे का मी?" मी चष्मा वर करून त्यांना निरखायची आणि म्हणायची, "दिसताय तर खऱ्या."

एवढ्यावरून सुरू झालं. मग येता-जाता डोकावणं, मग रोज संध्याकाळचा चहा. चहा त्यांचा, दूध माझं. मी तोवर हेड कॅशियर झाले होते. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक ऑफिसरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही. माईंना याची भारी गंमत वाटायची. "म्हणजे तुझी किल्ली नसेल तर साहेबाचंही काही चालत नाही म्हण की!"

वाईच्या सात घाटांवर आळीआळीचा कृष्णाबाईचा उत्सव होतो, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या आळीच्या उत्सवात एकदा कीर्तनात बुवांनी उत्तररंगाला, म्हणजे गोष्टीच्या भागाला, जडभरताचं आख्यान लावलं होतं. ज्याच्या नावावरून भारतवर्ष म्हणतात तो राजा भरत. राज्य सोडलं, बायकामुलं सोडली, गंडकीकाठी तप करायला बसला. एक गाभण हरिणी सिंहाच्या डरकाळीने बिचकली, नदीत उडी घेतली, पाडस पाण्यात पडलं आणि ती मेली. भरताने पाडस उचलून आणलं, वाढवलं, त्याच्या पायी जपतप विसरला, मरतानाही मन त्याच्यातच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. बुवा म्हणाले, बघा, राज्य सुटलं पण हरीण सुटलं नाही!

सगळ्यांनी माना डोलावल्या. माई माझ्या कानाशी लागल्या, "आणि त्या पाडसाचं काय झालं गं पुढे? राजा मरताना ते उशाशी पोरासारखं रडत होतं म्हणाले. मग त्याला कुणी पाहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. पण राज्य हातचं सोडणारा माणूस, कुणीही न सोपवलेल्या एका पिल्लापाशी अडकला, हे मला तेव्हाच फार ओळखीचं वाटलं. राणीला सोडायचं तर निदान 'राणीला सोडलं' असं म्हणता तरी येतं. पिल्लाचं काय म्हणणार? अर्जावर काय लिहिणार?

आता किंमत. ती नव्हती असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्या मुलाला मी व्हाउचर कसं तपासायचं ते शिकवलं, तो सहा वर्षांनी माझा मॅनेजर म्हणून आला. मुलगा चांगला होता, मला 'मॅडम'च म्हणायचा, पण रजेच्या अर्जावर सही त्याचीच लागायची. आमची पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरते, पूर्ण नोकरी झाली असेल तर त्याच्या निम्मी. म्हणजे नाकारलेलं प्रमोशन निवृत्तीबरोबर संपत नाही, दर महिन्याला पासबुकात उमटतं. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी कर्ज काढावं लागलं. ती एकदाच म्हणाली, "आई, तू गेली असतीस तर मला आवडलं असतं." पैशाबद्दल नव्हती बोलत. आपली आई कुठेतरी ऑफिसर आहे, हे तिला मैत्रिणींना सांगायचं होतं.

माई 2012 च्या पावसाळ्यात गेल्या. तीन दिवसांचं दुखणं. त्यांची सांगलीची भाची आली होती. दहाव्याला घाटावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. पाणी चढलेलं, कावळा यायला उशीर होत होता. ती सहज म्हणाली, "मावशीला न्यायला आम्ही किती वेळा आलो. खालची खोली रिकामी होती, डॉक्टर शेजारी. पण यायलाच तयार नाही. म्हणायची, आमच्या बँकवालीचं इथे कोण आहे? मुलगी गेली पुण्याला, नवरा दिवसभर पेपरात डोकं घालून. मी गेले तर ती बोलेल कुणाशी?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार? मला वाटत होतं मी तिच्यासाठी थांबलेय. तिला वाटत होतं ती माझ्यासाठी. दहा-बारा वर्षं आम्ही दोघी एकमेकींना सांभाळायला म्हणून त्या बोळात थांबलो होतो. सांगलीला तिचं दुखणं वेळेत कळलं असतं का, हा विचार मी करते, आणि अर्ध्यावर सोडते.

पुढच्या वर्षी प्रमोशनचं सर्क्युलर आलं. आता कुठलीच अडचण नव्हती. मी फॉर्म भरला, बावन्नाव्या वर्षी पुस्तकं आणून रात्री अभ्यासाला बसले, लेखी परीक्षा दिली आणि त्यातच नापास झाले. शाखेत कुणाला फारसं कळलं नाही. लिस्ट लागली, माझं नाव नव्हतं, सगळ्यांनी धरून चाललं की मॅडमनी नेहमीप्रमाणे कौटुंबिक अडचण कळवली असेल.

मीही त्यांचा समज दूर केला नाही.